मासात्लानचा कार्निवल: मंगळवारची मिरवणूक आणि समुद्राकडची खुर्ची

निकाल आधीच सांगून टाकू. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर हिवाळा काढणार असाल, तर मासात्लानचा कार्निवल चुकवू नका. मात्र रविवारची मिरवणूक सोडा आणि मंगळवारची पाहा. फुटपाथवर तीन तास ताटकळू नका, समुद्राच्या बाजूची पहिल्या रांगेतली खुर्ची भाड्याने घ्या. ओलास आल्तास या छोट्या किनाऱ्यावरच्या रात्रीच्या जत्रेला शनिवारी जाऊ नका, सोमवारी जा. एवढं पाळलं तर पाचपैकी साडेचार तारे. हॉटेलच्या पत्रकावर विसंबून रविवारी संध्याकाळी पाच वाजता रस्त्यावर पोचलात तर दोन, आणि त्यातलाही एक कणसाच्या गाडीवाल्याचा.

या कार्निवलची तारीख राखेच्या बुधवारावर (ॲश वेन्सडे, ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस), म्हणजे पर्यायाने ईस्टरवर ठरते. त्याआधीच्या गुरुवारी सुरू होतो आणि मंगळवारी रात्री संपतो. गोव्याच्या कार्निवलची मोजणीही तीच, त्यामुळे पणजीत कार्निवलचा राजा किंग मोमो ‘खा, पियें आनी मजा कर’ असं फर्मान काढतो, त्याच आठवड्यात मासात्लानमध्येही राजा-राण्यांची मिरवणूक निघते. मोठ्या मिरवणुका दोन: रविवारी आणि मंगळवारी. 2027 मध्ये या तारखा 7 आणि 9 फेब्रुवारी आहेत, 2028 मध्ये 27 आणि 29 फेब्रुवारी.

इथली शिस्तबद्ध आयोजनाची परंपरा 1898 ची. त्याआधी बंदरावरचे लोक एकमेकांवर पीठ फेकायचे आणि त्याचं पर्यवसान मारामारीत व्हायचं. मग समिती नेमली गेली, पिठाच्या जागी रंगीत कागदाच्या टिकल्या आणि फिती आल्या, आणि मिरवणुकीला रूप आलं. जुन्या इंत्रूजातली, म्हणजे गोव्याच्या पूर्वीच्या कार्निवलमधली, पिठाची फेकाफेक ज्यांनी ऐकली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. आजही कागदाच्या टिकल्या भरलेली अंड्याची टरफलं डोक्यावर फोडली जातात, आणि पोरांच्या हातात फेसाचे डबे असतात. टिकल्या झटकल्या की जातात. फेस डोळ्यांत गेला की चुरचुरतो आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर डाग पाडतो. चष्मा आणि एक जुना सुती रुमाल, एवढी तयारी पुरते.

आता मिरवणूक. ती समुद्राला लागून जाणाऱ्या अव्हेनिदा देल मार या रुंद रस्त्यावरून निघते. कडेने मालेकोन, म्हणजे समुद्रकाठचा पादचारी बांध. मुंबईकरांनी मरीन ड्राइव्ह डोळ्यांसमोर आणावं, फक्त कठड्याखाली काँक्रीटच्या ठोकळ्यांऐवजी वाळू आहे. मोठमोठे चित्ररथ, नाचणारे गट, नाचणारे घोडे, बांदा म्हणजे ब्रास वाजवणारी पथकं, आणि मधूनमधून कंपन्यांचे जाहिरातींचे ट्रक. हे ट्रक म्हणजे या सोहळ्याचा कंटाळवाणा भाग. पण टोप्या, पंखे, मण्यांच्या माळा बहुतेक तिथूनच फेकल्या जातात, त्यामुळे लहान मुलांना तोच सगळ्यात प्रिय. सगळा ताफा एका जागेवरून पुढे सरकायला दोन ते तीन तास लागतात.

दोन्ही दिवशी चित्ररथ तेच, राण्या त्याच. मग मंगळवारच का? रविवारी सुट्टी असते, आणि आसपासच्या गावांतून, कुलियाकान आणि दुरांगोहून कुटुंबंच्या कुटुंबं गाड्या भरून येतात. आदल्या रात्रीपासून लोक मालेकोनवर खुर्च्या मांडतात, चिकटपट्टी लावतात, दोऱ्या बांधतात, तंबू ठोकतात. दुपारी तुम्ही पोचेपर्यंत चांगली जागा चार घरांत वाटली गेलेली असते आणि मध्ये घुसलात तर आजीबाई हातातल्या पंख्यानेच वाट दाखवतात. मंगळवारी बाहेरगावचे बरेचसे परतलेले असतात, दुसऱ्या दिवशी शाळा-कचेऱ्या असतात, जागा मिळते. शिवाय रविवारी जो बिघाड होतो, म्हणजे एखाद्या रथाचा जनरेटर रुसणं, ध्वनिक्षेपक बंद पडणं, दोन पथकांत फार अंतर पडणं, त्यातलं बरंचसं दोन दिवसांत सुधारलेलं असतं. एकच तोटा: मंगळवारी नर्तकांच्या पायांत चार रात्रींचा शीण असतो आणि मार्गाच्या शेवटाकडे तो दिसतो.

त्यामुळे कुठे बसायचं यापेक्षा मार्गाच्या कोणत्या टप्प्यात बसायचं हे महत्त्वाचं. मार्ग साधारण पाचेक किलोमीटरचा. सुरुवातीच्या ठिकाणी रथ थांबून थांबून सुटतात, वादक अजून वाद्यं जुळवत असतात, रांगा लागलेल्या नसतात. शेवटच्या टप्प्यात अंतरं वाढतात, दहा-दहा मिनिटं रिकामा रस्ता पाहत बसावं लागतं आणि कलाकार हात हलवायलाही कंटाळलेले असतात. पहिल्या तृतीयांशात, पण सुरुवातीपासून अर्धा-एक किलोमीटर पुढे, ही सोन्याची जागा. आरंभबिंदू आणि दिशा बदलू शकते, म्हणून शहराच्या सांस्कृतिक संस्थेने त्या वर्षी काढलेलं पत्रक पाहूनच जागा ठरवावी. गेल्या वर्षीच्या माहितीवर खुर्ची घेणारा हटकून शेपटाकडे बसतो.

आता सूर्य. याचा विचार कुणीच करत नाही आणि निम्मे फोटो त्यातच वाया जातात. मासात्लानचा समुद्र नैऋत्येला आहे आणि फेब्रुवारीत सूर्य सहाच्या सुमाराला, साधारण त्याच दिशेला मावळतो. मिरवणूक ऊन उतरल्यावर निघते. हॉटेलांच्या बाजूला, म्हणजे शहराकडे बसलेल्यांच्या डोळ्यांत थेट ऊन येतं आणि रथ काळ्या सावल्यांसारखे दिसतात. समुद्राला पाठ करून बसलात तर तोच मावळता प्रकाश रथांच्या चमकीवर, पिसांवर, राणीच्या मुकुटावर पडतो. सोनेरी टिकल्या शिवलेला झगा अशा उजेडात कसा पेटतो हे दहा फुटांवरून पाहावं. खांद्यावर बसवलेली पिसांची चौकट वाऱ्याने मागे ओढली जाते, आणि नर्तकी एक पाऊल मागे टाकून तोल सावरते, तेही तालातच. अंधार पडल्यावर रथांवरचे दिवे लागतात आणि मग दोन्ही बाजू सारख्याच.

समुद्राकडच्या बाजूची किंमत मात्र मोजावी लागते. मिरवणूक चालू असताना रस्ता ओलांडता येत नाही. पाठीशी वाळू, पुढे ताफा, आणि शौचालयं बहुतेक शहराच्या बाजूला. चालतं-फिरतं शौचालय जिथे दिसेल तिथे मिरवणुकीआधीच हजेरी लावावी. ‘बान्यो’ असं लिहिलेल्या दुकानांत सुटी नाणी लागतात, कागद मिळतोच असं नाही. आई-वडील बरोबर असतील, गुडघ्याचा किंवा साखरेचा त्रास असेल, तर सरळ शहराच्या बाजूला हॉटेलच्या गच्चीवरची जागा घ्या आणि काळा चष्मा लावा. फोटोंपेक्षा बान्यो महत्त्वाचा.

पाहण्याचे प्रकार चार. फुकट फुटपाथ, रविवारी सकाळपासून आणि मंगळवारी दुपारी दोनपासून जागा धरण्याची तयारी असेल तरच. भाड्याच्या खुर्च्या, म्हणजे ‘सिया’. पैशांचा सगळ्यात चांगला मोबदला. पायऱ्यांचे मंच, म्हणजे ‘ग्रादास’. उंचीमुळे फोटोत डोकी येत नाहीत, पण पाठ टेकायला काही नसतं आणि फळी तीन तासांत कडक लागते. आणि हॉटेल-उपाहारगृहांच्या गच्च्या, जिथे जागेबरोबर जेवण आणि प्यायला घेणं बंधनकारक असतं. गच्चीचा सौदा करताना तिथे उभं राहून पाहा. पहिल्या रांगेनंतर कठडाच आड येतो.

खुर्चीवाल्याशी बोलताना चार प्रश्न विचारा. ‘प्रिमेरा फिला?’ म्हणजे पहिली रांग आहे ना. पुढे कुणाला उभं राहू देणार का. मध्येच उठून गेलं तर जागा राहील का, म्हणजे मनगटाला पट्टी वगैरे आहे का. आणि मिरवणूक लांबली तर जादा पैसे लागतील का. पैसे द्यायचे ते खुर्चीवर बसल्यावर. दोन दिवस आधी रस्त्यावर कुणाला आगाऊ रक्कम देऊन कागदाचा चिटोरा घेणं म्हणजे चिटोराच विकत घेणं. खुर्च्या प्लास्टिकच्या, पातळ. बरोबर छोटी उशी किंवा घडी केलेली शाल ठेवा. शालीचा दुहेरी उपयोग: दिवसा तापमान चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास सुखाचं असतं, पण अंधार पडला की समुद्रावरचा वारा अंगाला लागतो आणि कुडकुडणारी पोरं मिरवणूक पाहत नाहीत.

आवाजाबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. सिनालोआची, म्हणजे मासात्लान ज्या राज्यात आहे तिथली, बांदा म्हणजे पंधरा-सोळा वादकांचा ताफा: सनया नव्हे, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, चार्चेता नावाचं मधल्या पट्टीचं पितळी वाद्य, जमिनीला हादरे देणारा तुबा, तारोला म्हणजे स्नेअर ड्रम, आणि वर झांज बसवलेला तांबोरा हा मोठा ढोल. याच ढोलावरून सगळ्या वाद्यवृंदालाच तांबोरा म्हणतात. जगप्रसिद्ध बांदा एल रेकोदो हे पथक 1938 मध्ये मासात्लानजवळच्याच एल रेकोदो गावात सुरू झालं. ढोल-ताशाच्या गावचे आपण, आपल्याला आवाजाचं काय, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: आपलं पथक एका तालात वाजवत पुढे निघून जातं. इथे तुमच्या डाव्या कानाला एक बांदा, उजव्या कानाला दुसरी, आणि समोरच्या ट्रकवर तिसरं गाणं. कानात घालायची फोमची बोंडं दोन-तीन जोड ठेवा, लहान मुलांना कानावर बसणारे आवाजरोधक. पण एखादी बांदा तुमच्यासमोर थांबली तर बोंडं काढून ऐका, विशेषतः तुबाच्या आणि क्लॅरिनेटच्या सवाल-जवाबासाठी. बाकी किनाऱ्यावर वर्षभर हीच वाद्यं वाजतात. 2024 मध्ये त्यांच्यावर निर्बंध घालायची भाषा झाली तेव्हा वादक रस्त्यावर उतरले होते, त्यामुळे रात्री शांत झोप हवी असणाऱ्यांनी या शहराकडून ती अपेक्षा ठेवू नये.

शनिवारची ‘काँबाते नाव्हाल’ ही आतषबाजी पाहण्यासारखी आहे. 31 मार्च 1864 ला ला कोर्देलिएर या फ्रेंच युद्धनौकेला बंदराने तोफांनी परतवलं, त्याची ही दरवर्षीची आठवण. समुद्र आणि किनारा अशा दोन्हीकडून दारूकाम उडतं, जणू तोफा एकमेकींना उत्तर देताहेत. पण त्यासाठी ओलास आल्तासच्या तिकीटघरातल्या रेट्यात शिरायची गरज नाही. पासेओ क्लाउसेन या समुद्रकाठच्या रस्त्याच्या बाजूने किंवा सेर्रो दे ला नेव्हेरिया या टेकडीच्या उतारावरून तीच आतषबाजी दिसते. फक्त दिवस मावळायच्या आत चढून बसा, पायात चप्पल नको, आणि परतीला विजेरी ठेवा.

ओलास आल्तास हा जुन्या शहरालगतचा छोटा, अर्धवर्तुळाकार किनारा. तिथे कुंपण घालून रात्रीची जत्रा भरते: अनेक मंच, बांदा, पहाटेपर्यंत नाच. प्रत्येक रात्रीचं तिकीट वेगळं, आत शिरताना झडती, काचेची बाटली बाहेरच. शनिवारी आतषबाजी आणि गर्दी एकत्र आल्याने तिथे चालणंही अवघड होतं. सोमवारी तेच मंच आणि ऐसपैस मोकळी जागा मिळते. आणखी एक फुकटची गोष्ट: इथे उभारलेले ‘मोनिगोतेस’, म्हणजे कागदाच्या लगद्यासारख्या सामानातून केलेले प्रचंड पुतळे. ते रात्री दिव्यांत देखणे दिसतात, पण कारागिरी सकाळी दिसते. सात-आठ वाजता, झाडूवाले पुढे गेल्यावर जा. जोड कुठे आहेत, रंगाचे थर कसे चढवलेत, पुतळ्याचा पंजा वाऱ्याने हलू नये म्हणून आतून लोखंडी सळई कशी बाहेर डोकावते, हे सगळं माणसांच्या डोक्यांशिवाय पाहता येतं.

खाण्यात मासात्लानला तोड नाही, कोळंबी खाणाऱ्यांना तर नाहीच. पण आग्वाचिले, म्हणजे लिंबू-मिरचीत मुरवलेली कच्ची कोळंबी, मिरवणुकीच्या दिवशी गाडीवर घेऊ नका. ती लिंबाने शिजल्यासारखी दिसते, शिजलेली नसते, आणि दुपारभर बर्फ वितळलेल्या डब्यात राहिली तर पुढचे दोन दिवस हॉटेलच्या खोलीत जातात. ती दुपारी बसून खायच्या ठिकाणी खा. रस्त्यावर घ्यायचं ते कणीस, चुर्रो आणि पेल्यातली फळं: आंबा, काकडी, हिकामा नावाचं रसाळ कंद, वर लिंबू, मीठ आणि तिखट. आपल्या चौपाटीच्या कैरीची सख्खी बहीण.

शाकाहाऱ्यांसाठी इशारा. ‘सिन कार्ने’ म्हटलं तर पुष्कळ ठिकाणी फक्त गोमांस-डुकराचं मांस वगळलं असं समजतात, कोंबडी आणि मासे राहतात. ‘नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो’ असं पूर्ण वाक्य पाठ करा. घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, ‘तिएने मान्तेका?’ असं विचारा. भात अनेकदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात. कणसाला मेयोनेज चोपडतात, अंडं चालत नसेल तर ‘सिन मायोनेसा’. चीज, लिंबू, तिखट मात्र सोडू नका.

येण्या-जाण्याची खरी परीक्षा मिरवणूक संपल्यावर असते. पुल्मोनिया ही उघडी, गोल्फच्या गाडीसारखी टॅक्सी याच शहरात 1965 मध्ये जन्मली आणि तिच्यात बसून मालेकोनवर फिरणं हा एरवी सुखद प्रकार. त्या रात्री मात्र ती मिळत नाही, मिळाली तर भाडं तिप्पट. बसायच्या आधी रक्कम ठरवा, ती माणशी की गाडीची हेही. रस्ता दिवसा लवकरच बंद होतो आणि साबालो-सेंत्रोची बस, जी नेहमी किनाऱ्याने जाते, आतल्या रस्त्यांनी वळवली जाते. मिरवणूक संपल्यावर गर्दीबरोबर मालेकोनवर न थांबता काटकोनात शहराकडे चालत सुटा. एहेर्सितो मेहिकानो हा आतला मोठा रस्ता गाठला की टॅक्सी मिळते. वीस मिनिटं चालणं वाचवायला गेलात तर दीड तास उभं राहाल. नोटा शुक्रवारीच काढून ठेवा, रविवारपर्यंत किनाऱ्याजवळची यंत्रं रिकामी होतात. यंत्र स्वतःच्या दराने रूपांतर करू का विचारेल, तिथे नाही म्हणा.

मेक्सिकोतल्या इतर कार्निवलशी तुलना करायची तर: वेराक्रूसचा प्रसिद्ध आहे, पण 2022 मध्ये तो उन्हाळ्यात हलवला गेला, त्यामुळे हिवाळी मुक्कामात तो गृहीत धरू नका, तारीख पाहूनच बेत करा. मेरिदाचा 2014 पासून शहराबाहेरच्या श्मात्कुइलच्या मैदानावर भरतो. तो कुटुंबाला सोयीचा आणि नीटनेटका आहे, पण शहराच्या रस्त्याची आणि समुद्राची झिंग त्यात नाही. मासात्लान रिओ आणि न्यू ऑर्लिन्सनंतर तिसरा, असं तिथला प्रत्येक हॉटेलवाला सांगतो. कोणत्या मोजपट्टीने, ते विचारू नये.

दोन गोष्टी आरक्षणाआधी. पहिली, सुरक्षितता. सिनालोआ राज्यात सप्टेंबर 2024 पासून टोळ्यांतला संघर्ष वाढला आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने या राज्यासाठी ‘प्रवास करू नका’ ही सर्वांत वरची पातळी ठेवलेली होती. 2025 चा कार्निवल तरीही झाला, कडक बंदोबस्तात. सूचना बदलत राहतात, म्हणून निघायच्या आठवड्यात ताजी वाचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे विम्याची अट पाहा: अनेक पॉलिसी अशा सूचनेच्या भागातला दावा नाकारतात. शहराबाहेरचा रस्ता रात्री नको, कुलियाकानची सहल तर नकोच, विमानाने या आणि विमानाने जा. फिनिक्स, डॅलस, कॅल्गरीहून हिवाळ्यात थेट विमानं आहेत.

दुसरी, प्रवेश. भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा किंवा तिथलं कायम वास्तव्य असेल तर त्याशिवाय 180 दिवसांपर्यंत राहता येतं. ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा. दिवस अधिकारी ठरवतो, आणि शिक्क्यावर 30 लिहिलेलं घरी जाऊन वाचलं तर तीन महिन्यांचं भाडं वाया जातं. खिडकीसमोरच आकडा वाचा, मुक्कामाचा पत्ता आणि परतीचं तिकीट हाताशी ठेवा.

महिन्यांच्या बोलीने घर घेणाऱ्यांनी करारात कार्निवलचा आठवडा स्पष्ट लिहून घ्यावा, कारण त्या सहा रात्रींचा भाव वेगळाच असतो आणि मालकाला ऐनवेळी तो आठवतो. हॉटेल घ्यायचं तर सलग तीन-चार रात्रींची अट बऱ्याच ठिकाणी असते. ओलास आल्तासवर खोली घ्यायची तर पहाटे चारपर्यंत झोप नाही हे धरून चाला. सोना दोरादा हा पर्यटकी हॉटेलांचा भाग दूर, शांत आणि बेचव. मालेकोनच्या मधल्या भागात, रस्त्यापासून दोन-तीन गल्ल्या आत, ही जागा सगळ्यात सोयीची: मिरवणुकीला चालत जाता येतं आणि रस्ता बंद असला तरी चालत परतता येतं. 2028 ला मंगळवार 29 फेब्रुवारीला येतो, त्या वर्षीचं भाडं महिनाअखेरीपर्यंत ठरवताना शेवटची तारीख 28 नव्हे, 29 आहे आणि सामान 1 मार्चलाच उचलायचं आहे, हे मालकाकडून लिहून घ्या.